माझ्या मागे

१

पाकिटातून निघालेला कागद कोरा होता.

मी तिथे नव्हते. पण त्या सकाळी सभागृहात असलेल्या चौघांनी ही हकिकत मला आपापल्या तऱ्हेनं सांगितली, आणि एवढ्या एकाच बाबतीत त्यांचं एकमत होतं. पेटीचं कुलूप धड, पाकिटावरची लाख शाबूत. आत चार घड्या घातलेला जाड कागद. उलटा केला, सुलटा केला, उजेडासमोर धरला. एक अक्षर नाही.

मी चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखनाचं काम केलं. साक्षीदार बोलायचे, मी उतरवून घ्यायचे. त्यांना काय म्हणायचं होतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. काय म्हणाले, तेवढंच. या सवयीपायी माझा संसार काही फार गोडीगुलाबीचा झाला नाही, पण दोनचार खटल्यांत माझ्या वहीतल्या एखाद्या शब्दानं निकाल फिरला. त्यामुळे कोर्टातले आमचे जुने अधीक्षक माझ्या दारात उभे राहिले तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांच्या अवताराचं. ज्या माणसाच्या शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही, त्याचं बटण भलत्याच काजात होतं.

“बाई, मी पार तोंडघशी पडलोय,” ते म्हणाले.

साहेब एका छोट्याशा पंथातले होते. तीनशे-साडेतीनशे घरं असतील. त्यांचा कारभार तीन माणसं बघत. पहिलं मुख. त्यांनी दर सातव्या दिवशी सभागृहातल्या खुर्चीत बसून पंथाची वचनं तोंडपाठ म्हणायची, लग्नं लावायची, भांडणं मिटवायची. त्यांचा शब्द शेवटचा. दुसरे कान. त्यांनी मुखाशेजारी बसून चुका मोजायच्या. एका बैठकीत तीन चुका झाल्या की मुखानं खुर्चीतून कायमचं उठायचं. तिसरा हात, म्हणजे किल्ल्या, शिक्के आणि नियम सांभाळणारा. साहेब हे पंथाचे हात होते. वचनं कागदावर उतरवायला बंदी, आणि जो एकदा कान झाला त्यानं ती पुन्हा उच्चारायची नाहीत.

“आणि बायकांनी?” मी विचारलं.

“ऐकायची. म्हणायची नाहीत.” साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मी त्या वेळी भांडायला रिकामी नव्हते.

मुख तीन आठवड्यांपूर्वी वारले होते. साहेबांच्या मते त्यांची शेवटची तीन वर्षं सर्वांत चांगली. “थांबून थांबून बोलायचे हो. एकेक शब्द काळजाला भिडायचा.” आपल्यानंतर खुर्चीत कोणी बसायचं ते मुखानं स्वतः लिहून ठेवायचं असतं. तसं त्यांनी लिहिलं, पाकीट साहेबांच्या हातात दिलं, साहेबांनी लाख लावून पेटीत टाकलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. ती अंघोळीलाही काढली नाही.

“पाकीट चिकटवलं कोणी?”

“धाकटीनं. त्यांच्या मुलीनं. तीच त्यांचं सगळं बघायची. तिनं कबूलही केलंय. पत्र बदललंस का विचारलं, तर मान खाली. कुठाय विचारलं, तर तोंडाला कुलूप. नवे मुख आले की घर सोडावं लागेल, म्हणून केलं असणार. येत्या सभेत तिला बाहेर काढायचं ठरलंय. चार दिवस आहेत. तेवढ्यात ते पत्र सापडलं पाहिजे.”

“बाहेर काढायचं म्हणजे?”

“घर सोडायचं. आणि साडेतीनशे घरांपैकी कोणीही तिच्याशी पुन्हा बोलायचं नाही.” साहेबांचा आवाज जरा उतरला. “मुखांचे शेवटचे शब्दही तिच्याच काळजीचे होते हो. ‘माझ्या मागे धाकटी आहे,’ एवढंच म्हणाले आणि गेले.”

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. का, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

२

धाकटी बेचाळीस वर्षांची होती. नाव धाकटी पडलं ते पडलंच, केस पांढरे व्हायला लागले तरी. तिनं दार उघडलं, काहीतरी म्हणाली, आणि मला दोनदा “काय?” करावं लागलं. तिचा आवाज इतका बारीक की ऐकायला पुढं वाकावं लागे. घसा बसलेला माणूस बोलतो, तसा.

“या, म्हटलं. बसा.”

घर दोन खोल्यांचं, सभागृहाला लागून. मुखांची खोली तिनं जशीच्या तशी ठेवली होती. पलंग, कपाट, खिडकीशी टेबल. मी हात मागे बांधून सगळं पाहत फिरले. कपाटाच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला एक फिकट चौकोन होता, कागद चिकटवून मग ओढून काढल्यासारखा. तसाच एक खणावर. एक दिव्याच्या बटणाखाली. न्हाणीघराच्या दारावर दोन.

“इथं काय होतं ग?”

“कॅलेंडर,” ती म्हणाली.

न्हाणीघराच्या दाराला दोन कॅलेंडरं लावणारं घर मी आजवर पाहिलं नव्हतं.

“पाकीट तू चिकटवलंस?”

“हो.”

“कोरा कागद तू घातलास?”

ती गप्प राहिली. खोटं बोलता येत नसलेल्या माणसाची ती गप्प बसण्याची तऱ्हा मी शेकडो वेळा पाहिली आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असली माणसं सगळ्यांत आधी अडकतात.

“अगं, घरासाठी केलंस असं म्हणतायत सगळे. तू घरासाठी केलंस?”

“तसंच समजा.”

“मी समजत नसते. मी लिहून घेते.”

त्यावर ती हसली, पहिल्यांदाच. मग टेबलावरच्या गोळ्यांच्या डबीतून एक गोळी काढून तोंडात टाकली. खोकल्याच्या गोळ्या होत्या त्या, पण तासाभरात मी तिचा खोकला काही ऐकला नाही.

“बाहेर गेलीस तर कुणाकडे जाशील?” मी निघताना विचारलं.

“कुणाकडे जाणार? माझं कोण आहे?” तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला गलबलून आलं. “बाहेरच्या कुणाला मी ओळखतच नाही, बाई. भाजीवाल्यापलीकडे.” आणि मग माझा हात धरून म्हणाली, “पत्र शोधू नका. तुमच्या पाया पडते. सापडलं तर फार वाईट होईल.”

“कुणाचं?”

तिनं भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीपलीकडे सभागृह होतं.

३

थोरल्याचा सुतारकामाचा कारखाना होता. मी गेले तेव्हा तो रंधा मारत होता, आणि रंध्याच्या तालावर ओठ हलवत होता. मला पाहताच ओठ थांबले.

“पाठांतर?” मी म्हटलं.

“पत्र नसेल तर थोरल्या मुलानं एकदा खुर्चीत बसून पाहायचं, असा नियम आहे. तीनच्या आत चुका झाल्या तर खुर्ची त्याची.” त्यानं कपाळ पुसलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. “लहानपणी बाबांनी मला रोज पहाटे उठवून शिकवलं. मी रडायचो. धाकटी तिथंच केर काढत असायची. पुढं एकदा चारचौघांत बाबा म्हणाले, ‘तुझं डोकं लाकडाचंच.’ म्हणून मग लाकडातच काम केलं.”

विनोद चांगला होता, पण त्याला हसू आलं नाही.

“बाबांचे शेवटचे शब्द काय होते?”

“‘माझ्या मागे धाकटी आहे.’ म्हणजे बघा! सारखी मागे लागलेली असणार, घर माझ्या नावानं करा म्हणून. मरतानासुद्धा माणसाला तेच आठवलं. मी दारात उभा होतो. माझ्याकडे त्यांनी ओळख नसल्यासारखं पाहिलं हो.” त्यानं उगाचच फळीवरची धूळ झटकली. “चार वर्षं घर सोडलं होतं मी. पण म्हणून ओळखही दाखवू नये?”

मला त्याची कीव आली. पन्नाशीचा माणूस, पण मनातून अजून पहाटे उठवलेला मुलगाच.

“त्या चार वर्षांत काहीच संबंध नव्हता?”

“एकदा आला. तीन वर्षांपूर्वी. सभागृहात खुर्चीमागे जाळीचा पडदा करून हवा होता. लाकडी, बारीक नक्षीचा. पाठीला वारा लागतो म्हणे. मागच्या खोलीचं दार त्यानं झाकलं गेलं. आणि खुर्ची वीतभर मागे, जाळीला टेकवून ठेवायची होती. मी केली. महिनाभर खपून केली. शाबासकी नाही, काही नाही.”

“हे सगळं बाबांनी सांगितलं?”

“बाबांनीच. म्हणजे…” तो थांबला. “निरोप धाकटीनं आणला होता.”

४

कान घड्याळजी होते. त्यांच्या दुकानात शंभर घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत होती आणि त्यात हे गृहस्थ पाठमोरे बसून एका घड्याळाच्या पोटात चिमटा घालत होते.

मी चुकांची वही पाहायला मागितली. त्यांनी ती मुकाट्यानं खणातून काढून दिली. एका सभेला एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी आकडा. जुन्या पानांवर मुखांच्या ऐन उमेदीतले आकडे होते. एक, दोन, शून्य, एक, एक, दोन. शेवटची पानं उलटली आणि माझं बोट थबकलं. शून्य. शून्य. शून्य. तीन वर्षं एकही चूक नाही.

कान बहिरे झाले असतील, हा माझा पहिला तर्क. पंथाला लाजिरवाणी गोष्ट, म्हणून लपवली असेल. मी त्यांच्या पाठीमागे सरकले आणि अगदी हळू काहीतरी बोलणार, तोच ते न वळता म्हणाले, “तुमच्या मनगटावरचं घड्याळ लंगडतंय, बाई. तेल घालून देऊ का?”

मी घड्याळ कानाला लावलं. मला टिकटिकसुद्धा नीट ऐकू आली नाही. मी ते काढून त्यांच्या हातात दिलं.

म्हणजे कान शाबूत होते. मग आकडे खरे होते.

“शेवटच्या वेळी तुम्ही तिथं होतात. मुख काय म्हणाले?”

“‘माझ्या मागे धाकटी आहे.’”

“त्याचा अर्थ?”

“ऐकणं माझं काम. अर्थ लावणं नाही.”

“हे तर मी म्हणायचं वाक्य,” मी म्हटलं. ते किंचित हसले. पंचावन्न वर्षांची मैत्री होती म्हणे त्यांची आणि मुखांची. एकाच वर्षी वचनं शिकायला बसले होते. नशिबानं एक मुख झाला, दुसरा कान. म्हणजे एक आयुष्यभर बोलला आणि दुसऱ्यानं तीच वचनं पुन्हा कधी जिभेवर आणली नाहीत.

मी वही त्यांच्यापुढे उघडी धरली. “उमेदीतला माणूस दोन दोन चुका करतो, आणि पंचाहत्तरीत एकही नाही. माणूस म्हातारपणी चुकायचा थांबतो का हो?”

त्यांनी चिमटा खाली ठेवला. डोळ्यावरचं भिंग काढलं. मग वही माझ्या हातातून घेऊन खणात टाकली आणि खणाला कुलूप घातलं.

“दुकान बंद करायची वेळ झाली,” ते म्हणाले.

सकाळचे अकरा वाजले होते. त्यांच्याच शंभर घड्याळांपैकी निदान चाळीस तरी तसं सांगत होती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मला सभागृह उघडून दिलं आणि ते शिक्क्यांच्या कामाला गेले. मी एकटीच होते.

आधी मी खुर्चीत बसले. पाठ जाळीला टेकली. बसल्याबसल्या समोरच्या भिंतीवरची फळी दिसत होती. तिच्यावर आजवरच्या मुखांची नावं कोरलेली. धाकटी घरातून भिंतीकडे पाहत होती ती याच फळीच्या दिशेनं. मग मी उठून जाळीमागे गेले. मागच्या खोलीत जाळीला अगदी चिकटून एक बुटकं स्टूल होतं, त्यावर चपटी उशी. स्टुलाखाली खोकल्याच्या गोळ्यांचे दोन कागद. मी स्टुलावर बसले. माझं तोंड बरोबर खुर्चीत बसणाऱ्याच्या कानाशी आलं.

उलगडा झाल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही.

उशीचा अभ्रा जुना, विटका होता. एका कडेची शिवण मात्र पांढऱ्याशुभ्र दोऱ्याची. मी तिला हात लावला नाही. दारात धाकटी उभी होती. तिला पाऊल वाजवायची सवयच नव्हती.

“बाबांना आठवायचं कधीपासून बंद झालं?” मी विचारलं.

ती खाली फरशीवरच बसली.

“खोलीतले ते चौकोन कॅलेंडरचे नव्हते,” मी म्हटलं. “कपाटावर ‘कपडे’, खणावर ‘चष्मा’. न्हाणीघराचं दार सापडावं म्हणून बाहेरून एक, परत यायला आतून एक. थोरल्याला त्यांनी ओळखलं नाही, कारण त्यांना ओळखताच आलं नाही. राग नव्हता तो. आणि दर सभेला ते थांबून थांबून बोलत, कारण आधी तुझं ऐकावं लागे. अर्धी ओळ तू म्हणायचीस, ती ते म्हणायचे. तीन वर्षं. तुझा घसा त्यातच गेला.”

“सूर राहिला होता त्यांचा,” ती म्हणाली. “शब्द गेले, पण सूर होता. पहिला शब्द दिला की चेहरा उजळायचा. त्या एका तासापुरते ते बाबा असायचे. घरी आले की मला विचारायचे, तुम्ही कोण?”

तिनं उशी मांडीवर घेतली, शिवण दातांनी उसवली आणि पत्र माझ्या हातात दिलं. अक्षर मोठं, वेडंवाकडं. एक शब्द दोनदा लिहिलेला.

“माझ्या मागे धाकटी आहे. तीन वर्षं वचनं ती म्हणाली, मी ओठ हलवले. मुख ती ती होती. खुर्चीवर तिला बसवा.”

“एका सकाळी उठले तेच धड होऊन,” धाकटी सांगत होती. “मला नावानं हाक मारली. साहेब कालच पत्राचं विचारून गेले, ते मी सांगितलं. बसले आणि लिहिलं. दुपारी परत सगळं गेलं. पाकीट चिकटवायला मी घेतलं आणि वाचलं.”

मी मनातल्या मनात वहीतलं वाक्य काढलं. साहेबांना त्यात पोरक्या मुलीची काळजी ऐकू आली. थोरल्याला मागे लागलेली बहीण ऐकू आली. वारस कोण, हेही त्यात होतं. आणि या सगळ्याआधी ते साधं, उघडं वाक्य होतं: माझ्या पाठीमागे, या जाळीच्या आड, धाकटी बसलेली आहे. मरताना एक माणूस खरं सांगून गेला आणि ज्यानं त्यानं आपल्या सोयीचं ऐकलं. कानांनी तेवढं बरोबर ऐकलं होतं, आणि तीन वर्षं कानांवर हात ठेवले होते.

“अगं, पण यात तुझं नाव आहे. खुर्ची तुझी आहे. तू लपवलंस काय म्हणून?”

“नियम आहे, बाई. वचनं येत नसताना जो खुर्चीत बसला, त्याचं नाव फळीवरून घासून काढायचं. त्यानं लावलेली लग्नं मोडतात. चाळीस लग्नं आहेत तीन वर्षांतली. पोरं झालीत त्यांना.” तिनं पत्राची घडी घातली. “आणि बाईमाणसाला खुर्ची कोण देणार होतं? बाबांचं नाव तेवढं गेलं असतं. घासायचं काम सुताराचं. म्हणजे दादालाच घासावं लागलं असतं.”

“मग जाळून का नाही टाकलंस?”

“त्यात माझं नाव आहे त्यांच्या हातचं,” ती म्हणाली. “शेवटचं.”

मी पत्र तिला परत दिलं. साहेबांना त्या संध्याकाळी सांगितलं, “नाही सापडलं.” चौतीस वर्षांत मी एक शब्द खोटा उतरवला नव्हता. हे दोन बोलायला मला काही जड गेलं नाही.

६

सभेच्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं होतं. मी मागच्या बाकावर, पाहुण्यांच्या जागी बसले. जिला बाहेर काढायचं तिनं सभेत बसायचं नाही, हाक मारेपर्यंत मागच्या खोलीत थांबायचं, असा नियम साहेबांनीच वाचून दाखवला. धाकटी हातात कापडी पिशवी घेऊन सगळ्यांसमोरून गेली आणि जाळीमागे नाहीशी झाली. एकाही बाईनं मान वर केली नाही. मला सगळ्यांचा भयंकर राग आला, माझ्यासकट.

थोरला खुर्चीत बसला. कान शेजारी, मांडीवर वही. थोरल्यानं सुरुवात केली. आवाज भरदार होता, बापाचाच. पहिला भाग नीट गेला. मग एक शब्द मागचा पुढं झाला आणि कानांनी पेन्सिलीनं एक रेघ ओढली. सभागृहात चुळबुळ झाली. थोड्या वेळानं दुसरी रेघ. थोरल्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

आणि मग तो थांबला.

पुढचं आठवेना. कानांनी बोटानं वहीवर ठोके द्यायला सुरुवात केली. दहा ठोक्यांत शब्द आला नाही तर ती चूक धरायची. एक. दोन. थोरल्याच्या तोंडावर तो पहाटेचा मुलगा मला स्पष्ट दिसला. चार. पाच. साहेबांनी मान खाली घातली होती. सहा. सात.

सातव्या ठोक्यानंतर थोरल्याचं डोकं किंचित मागे झालं. पाठीला वारा लागावा, तसं. त्याचे डोळे विस्फारले. त्यानं समोर पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, त्या हातांनी महिनाभर खपून केलेली ती बारीक नक्षी त्याला आठवली असणार. तो निरोप कोणी आणला होता, तेही.

आठव्या ठोक्याला त्यानं शब्द उच्चारला. पुढची ओळ आली. मग थोडं थांबून त्यापुढची. आता तो थांबून थांबून म्हणत होता, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “बापासारखंच गं, अगदी बापासारखं.” थोरल्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, भक्ती.

ज्या सभेत तिला घराबाहेर काढणार होते, त्याच सभेत ती भावाला ओळ ओळ करून खुर्चीत बसवत होती.

वचनं संपली. कानांनी वहीत दोनचा आकडा लिहिला आणि साहेबांकडे पाहून मान हलवली. साहेब उठले. नव्या मुखापुढे वाकले. मग कागद काढून म्हणाले, “आता दुसरं काम. धाकटीला बोलवा.”

“थांबा,” थोरला म्हणाला.

तो उभा राहिला. एक हात मागे नेऊन त्यानं जाळीवर ठेवला.

“माझ्या मागे धाकटी आहे,” तो म्हणाला.

मला वाटलं, आता हा सगळं सांगणार. खुर्ची जाणार, फळीवरचं नाव जाणार, चाळीस लग्नं जाणार. जाळीमागून एक बारीक आवाज आला, “दादा, नको.” तो मलाच ऐकू आला की काय कोण जाणे. कानांनी डोळे मिटून घेतले.

“बहीण आहे माझी. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. ती या घरातून कुठंही जाणार नाही, आणि पत्राबद्दल यापुढं कोणी विचारणार नाही. हा मुखाचा शब्द आहे.”

एक सुस्कारा सगळ्या सभागृहातून फिरला. भाऊ असावा तर असा, असं लोक एकमेकांच्या कानाशी लागले. साहेबांनी हातातला कागद चार घड्या घालून खिशात ठेवला; मुखाच्या शब्दापुढं हाताचं काही चालत नाही. त्यांनी डोळेही पुसले. माझा जुना साहेब मनानं वाईट नाही, फक्त नियम वाचून दाखवताना त्याला माणूस दिसत नाही.

बाहेर पडताना कान माझ्या शेजारून चालत होते.

“तुम्ही तीन वर्षं ऐकलंत,” मी हळूच म्हटलं.

“आता पुढंही ऐकेन,” ते म्हणाले. “कानाला तोंड नसतं, बाई.” आणि त्यांनी माझं दुरुस्त केलेलं घड्याळ खिशातून काढून दिलं. मजुरीला हातही लावू दिला नाही.

मी धाकटीचा निरोप घ्यायला घरात गेले. पिशवी तिनं रिकामी केली होती. कपडे परत कपाटात, गोळ्यांची डबी परत टेबलावर. ती उशीचा अभ्रा शिवत होती. आत काय घालून शिवतेय, ते मी विचारलं नाही.

“आता जन्मभर त्याच स्टुलावर बसशील?” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता. “त्याला कुठं येतात सगळी!”

“नाही येत. लहानपणीही तिथंच अडायचा,” ती म्हणाली. तिचा चेहरा शांत होता. सुखाचा म्हणवत नाही, पण शांत. “मी राहिले ना घरात. बाबांचं नाव राहिलं. अजून काय पाहिजे?”

घरात तिसरं कोणी नव्हतं. मी खिडकी लावली, दार लोटलं, आणि म्हटलं, “मी तुमच्यातली नाही. माझ्यापुढं म्हटलंस तर कुठला नियम मोडत नाही. एकदा म्हणून दाखव. एकच ओळ. मोठ्यानं.”

तिनं सुई खाली ठेवली. उभी राहिली, पदर सारखा केला, समोर भिंतीकडे पाहिलं. छाती भरून श्वास घेतला. ओठ उघडले, मानेची शीर ताठ झाली.

मी पुढं वाकले. तरीही अर्धी ओळच माझ्या कानावर आली.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग गळ्याला हात लावून माझ्याकडे वळली, चूक झालेल्या मुलीसारखी ओशाळून हसली.

“याच्यापेक्षा मोठ्यानं येतच नाही हो, बाई.”